बेनालमादेनात पाऊस लागलाय, अजून पाच दिवस काढायचेत. सुचवा!

मुग्धा_रेडिंग

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला इंग्लंडच्या गारठ्यातून जरा ऊन खायला म्हणून स्पेनला आलोय. कोस्ता देल सोल, म्हणजे सूर्याचा किनारा. नाव वाचूनच बुकिंग केलं होतं. आम्ही दोघं, सांगलीहून आलेले सासू-सासरे, नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचे चिरंजीव. बेनालमादेनात समुद्रासमोर चौथ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतलाय. काल संध्याकाळी पोचलो तेव्हा सूर्यास्त असा काही झाला की बाबांनी सांगलीला तीन व्हिडिओ कॉल केले. आज सकाळी पडदा सारला तर समोर समुद्रच नाही. नुसतं पांढरं, आणि बाल्कनीतल्या खुर्चीत पाणी साचलेलं.

पुढचे पाच दिवस फोनवर ढगाचं चित्र दिसतंय. गाडी भाड्याने घेतलेली नाही. बाबांचा गुडघा दुखतो. आई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलांसमोर 'म्युझियम' म्हटलं की दोघांच्या पोटात एकदम दुखायला लागतं. फ्लॅट उन्हाळ्यासाठीच बांधलेला. फरशी बर्फासारखी, हीटर नाही, काल धुतलेले टॉवेल अजून निथळतायत.

ट्रेन स्टेशन दहा मिनिटांवर आहे. कोणी राहिलंय का या भागात? पावसात करायचं काय?

टवाळ_टोणगा

पाऊसच बघायचा होता तर जुलैत मालवणला जायचं. निम्म्या पैशात झालं असतं, वर कांदाभजी.

मुग्धा_रेडिंग

टोणगेबुवा, हेच वाक्य सकाळपासून नवऱ्याकडून दोनदा ऐकलंय. पुढे?

पोटोबा

मुग्धाताई, घाबरू नका. मालागात कामानिमित्त दोन वर्षं काढली आहेत. इथे उन्हाळ्यात थेंब पडत नाही, जो काही पडायचा तो ऑक्टोबर ते मार्चमध्ये. पण सलग पाच दिवस धो धो असं सहसा होत नाही. ढगाचं चित्र दिवसभर असतं, पाऊस दोन तास असतो. चित्र न बघता तासांचा अंदाज बघा.

तुमच्या स्टेशनवरून सेर्कानियास म्हणजे लोकल मिळेल, सी-१. फुएंखिरोला ते मालागा, साधारण वीस मिनिटांनी एक. मालागा सेंत्रो हे शेवटचं स्टेशन, तिथे उतरा आणि सकाळीच आतारासानास बाजारात शिरा. चौदाव्या शतकात इथे मुसलमान राजांची जहाजं बांधायची गोदी होती, समुद्र तेव्हा तिथपर्यंत यायचा. दगडी कमान तेवढी त्या काळातली, बाकी लोखंडी मंडई १८७९ची. मागच्या भिंतीवर रंगीत काचांची भलीमोठी खिडकी आहे, बाहेर अंधारलेलं असलं तरी ती छान दिसते. आईंना मासळीच्या बाजूने नेऊ नका. दुसऱ्या अंगाला ऑलिव्ह, बदाम, सुके अंजीर, डाळिंबं. बाजार दुपारी दोन-तीनला मिटतो आणि रविवारी बंद.

आता खरी गोम सांगतो. स्पेनमध्ये पाऊस त्रास देत नाही, संध्याकाळचे चार ते आठ देतात. चारला स्वयंपाकघरं बंद होतात, रात्रीचं जेवण साडेआठच्या आत कोणी वाढत नाही. लहान दुकानं पाचपर्यंत बंद. एरवी हा वेळ माणसं वाळूत घालवतात. पावसात पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन तुम्ही रस्त्यावर उभे, आणि सगळ्यांना भूक. तेव्हा त्यांच्यासारखी 'मेरिएंदा' करायची, म्हणजे आपलं मधल्या वेळचं खाणं. पाच-साडेपाचला चुर्रोसच्या दुकानात बसा. मालागात चुर्रोसना 'तेहेरिंगोस' म्हणतात. पीठ, पाणी, मीठ, तेल, अंडं नाही. घट्ट चॉकलेटात बुडवून खायचे.

आणि कॉफी मागताना नुसतं 'कॉफी' म्हणू नका. मालागात दुधाच्या प्रमाणानुसार कॉफीला वेगवेगळी नावं आहेत. अर्धी-अर्धी हवी तर 'मिताद'. थोडी कॉफी, बरंच दूध म्हणजे 'सोंब्रा', सावली. आणि दुधाला कॉफीचा नुसता वास लागलाय अशी हवी असेल तर 'नूबे'. नूबे म्हणजे ढग.

मुग्धा_रेडिंग

ढग! बाबांना नक्की सांगते. आईंच्या जेवणाचं काय?

पोटोबा

'सिन कार्ने' एवढंच म्हणून भागत नाही. कार्ने म्हणजे मांस, पण हॅम त्यांच्या लेखी मांसात मोजत नाहीत आणि ट्यूना तर भाजीच. साल्मोरेहो नावाचं टोमॅटोचं गार सूप अगदी निष्पाप दिसतं, वर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरवलेलं असतं. 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो', म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडं काहीच नको, असं चारी नावं घेऊन सांगा.

आणि 'बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या' हे पाठ करा. वांग्याचे तळलेले काप, वरून उसाचा 'मध'. चाखलात की कळेल.

मुंबईकर_बाब्या

हे काय चाललंय? पाऊस पडतोय म्हणून चर्चासत्र? आम्ही २६ जुलैला अंधेरी ते मुलुंड चालत गेलोय, छातीपर्यंत पाण्यातून. ९४४ मिलिमीटर, एका दिवसात. स्पेनमध्ये वर्षभरात मिळून एवढा पडत नसेल. छत्री उघडा आणि निघा फिरायला. एक गाडी घ्या भाड्याने, डोंगरातली पांढरी गावं बघा. हे गोरे लोक दोन थेंब पडले की शाळा बंद करतात.

वलेन्सियाकर

बाब्याभाऊ, राग मानू नका, पण हे वाचून कोणी खरंच गाडी काढेल म्हणून लिहितोय.

मी वलेन्सियाजवळ राहतो. २९ ऑक्टोबर २०२४ला इथून थोड्या अंतरावरच्या तुरीस गावात २४ तासांत ७७१ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातले १८४ एका तासात. पण आकडे बाजूला ठेवा. ज्या पायपोर्ता गावात सर्वात जास्त माणसं गेली तिथे त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हताच. लोक बाजारहाट करत होते. पाणी वरच्या डोंगरातून आलं, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून. इथे त्याला 'रांब्ला' किंवा 'बारांको' म्हणतात. वर्षभर त्यात कुत्री फिरवतात. मोबाइलवर इशारा वाजला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, कित्येक जण तळघरातली गाडी वर काढायला म्हणून खाली गेले होते. दोनशेहून जास्त माणसं गेली.

आपल्याकडे पाऊस कुठे पडतोय ते डोक्यावर कळतं, आणि जूनपासून जमीन, गटारं, माणसं सगळी तयारीत असतात. इथे जमीन उन्हात भाजून विटेसारखी झालेली. पाणी मुरत नाही, थेट धावतं. आणि या किनाऱ्यावर डोंगर समुद्राला चिकटून आहे, पाण्याला उतरायला वेळच लागत नाही.

मुग्धाताई, तुमच्या स्टेशनचं पूर्ण नाव बघा: बेनालमादेना-आरोयो दे ला मिएल. आरोयो म्हणजे ओढा. भीती घालत नाही, फक्त आएमेत या सरकारी हवामान खात्याचा रंग रोज सकाळी बघा. पिवळा असेल तर जपून फिरा. नारिंगी असेल तर प्रवास टाळा. लाल असेल तर घरीच. १३ नोव्हेंबर २०२४ला मालागातच लाल लागला होता. शाळा बंद, माद्रिदची वेगवान ट्रेन बंद, नदीकाठची हजारो माणसं हलवली. फोन किंचाळला तर वरच्या मजल्यावर राहायचं. तळघरात जायचं नाही, गाडीसाठी तर नाहीच.

मुंबईकर_बाब्या

माघार घेतो. २६ जुलैलाही माणसं गाडीतच अडकून गेली होती, हे लिहिताना विसरलो. मुग्धाताई, लोकलनेच जा.

मुग्धा_रेडिंग

आज पिवळा आहे. निघतोय. संध्याकाळी लिहिते.

कोरुन्याची_मावशी

मुग्धा, तुझा धागा वाचून हसू आलं गं. माझी लेक स्पेनच्या पार वरच्या टोकाला, आ कोरुन्यात असते. तिथे समुद्रकिनारा आहे, सुट्टी आहे आणि पाऊसही आहे, बारा महिने. बारीक भुरभुर असते, छत्री उघडायची लाज वाटावी अशी. तिला 'कालाबोबोस' म्हणतात, म्हणजे मूर्खांना भिजवणारी. कारण शहाणा घरात थांबतो आणि मूर्ख म्हणतो, हा काय पाऊस आहे? तासाभराने चड्डीपर्यंत ओला.

मुलांसाठी एक सुचवते. पिकासो जन्मला मालागात, १८८१ला. बाप चित्रकलेचा शिक्षक, कबुतरांची चित्रं काढायचा. दहा वर्षांचा होताना बापाची बदली झाली आणि सगळे कोरुन्याला आले. उन्हातून थेट या भुरभुरीत! पोरगं कंटाळलं असणार. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याने घरच्या घरी हाताने लिहिलेली वर्तमानपत्रं काढली आणि त्यात वारा-पावसात उडणाऱ्या, छत्र्या उलट्या झालेल्या माणसांची चित्रं काढली. घरच्यांना पाऊस कसा आहे ते कळवायला!

तर मुलांना म्युझियमला नेऊ नकोस. एक वही घेऊन दे आणि सांग, वर्तमानपत्र काढायचंय, बातम्या आणायच्यात. मग बातमीसाठी कुठेही येतील.

मुग्धा_रेडिंग

मावशी, तुमचे पाय कुठे आहेत?

सविस्तर लिहिते, सगळे झोपलेत. वही स्टेशनबाहेरच्या दुकानात घेतली. वर्तमानपत्राचं नाव लेकीने ठेवलं 'ओला वार्ताहर'. तिथे 'ओला' हे नमस्कार म्हणून पण चालतं हे तिच्या बाबांनी सांगितल्यावर फारच खूश. धाकटा फोटोग्राफर, म्हणजे तो चौकोन काढतो आणि आत रंग भरतो.

बाजार झाला. आईंनी अंजिरं दाबून बघितली म्हणून दुकानदार ओरडला, इथे हात लावायचा नसतो, तो देतो. मग त्यानेच एक कापून दिलं. तिथून काये लारिओस या मोठ्या रस्त्यावर आलो आणि पहिली 'बातमी' घडली: आई घसरल्या. सगळा रस्ता गुळगुळीत संगमरवराचा आहे! उन्हात सुंदर दिसत असेल, पावसात साबण लावलेल्या न्हाणीघरासारखा. सुदैवाने बाबांचा हात धरलेला होता, त्यामुळे दोघं नुसते खाली बसल्यासारखे झाले. लागलं नाही. तळ गुळगुळीत झालेल्या चपला घालून कोणी येऊ नका एवढंच सांगते. पुढचे दोनशे मीटर सगळे बदकासारखे चालत होतो.

मग प्लासा दे ला मेर्सेदला, पिकासोचं जन्मघर तिथेच कोपऱ्यावर. चौकात कबुतरं खरंच आहेत, भिजून फुगलेली. लेकीने कमानीखाली उभं राहून अर्धा तास कबुतरं काढली. त्यानंतर ती स्वतःहून म्हणाली, आता त्याची कबुतरं बघू. पिकासो म्युझियममध्ये सव्वा तास! धाकट्याने एका चित्रापुढे उभं राहून जाहीर केलं की या बाईचं नाक चुकलंय. पहाऱ्यावरची बाई हसली, तिला मराठी कळलं नसणार, पण बोट कळलं.

आणि बेरेनहेनास. पोटोबा, तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत ना? आईंनी पहिला काप तोंडात टाकला, थांबल्या, बोटाने बशीतला काळा थेंब चाटला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर काकवी!"

पोटोबा

:) मुद्दामच. काकवीच आहे ती. या किनाऱ्यावर अरबांनी ऊस आणला, शतकानुशतकं लावला. ऊस आता संपल्यात जमा आहे, पण नेरहाजवळच्या फ्रिखिलियाना गावात काकवीचा कारखाना अजून चालू आहे. बाटली कुठल्याही सुपरमार्केटात मिळेल. फक्त वांगी मासे तळलेल्या तेलातच तळतात का ते विचारून घ्या.

मुग्धा_रेडिंग

हे आधी सांगायचं होतं. आईंना सांगत नाहीये.

दऱ्याखोरे

नेरहावरून आठवलं, तिथल्या गुहा बघाच. १९५९ साली पाच पोरं वटवाघळं शोधायला आत शिरली आणि सापडल्या. आत वर्षभर सारखंच ऊबदार, पाऊस असो नसो. ३२ मीटर उंचीचा एक स्तंभ आहे, मान मोडते बघताना. मालागाहून बस आहे. पायऱ्या मात्र बऱ्याच, गुडघ्यावाल्यांनी विचार करावा. आणि पिवळ्याच्या वर रंग असेल तर त्या रस्त्याने नकोच.

मुग्धा_रेडिंग

आज नारिंगी. नेरहा रद्द, घरीच. खालच्या बाजारातून पत्ते आणले तर पॅकेटमध्ये आठ्या आणि नव्या नाहीतच! राणीही नाही. बदाम सात मांडायला बसलो आणि साताच्या पुढे थेट कोणीतरी उभा माणूस. नवरा भिजत परत करायला गेला, दुकानदार काहीतरी हातवारे करून हसत होता. फसवलं की काय?

पोटोबा

हाहा! फसवलं नाही हो, स्पॅनिश पत्ते सहसा चाळीसच. एक ते सात, मग सोता म्हणजे गुलाम, काबायो म्हणजे घोडेस्वार आणि रेय म्हणजे राजा. गुलामावर १०, घोड्यावर ११, राजावर १२ लिहिलेलं असतं. रंग ओरोस म्हणजे सोन्याची नाणी, कोपास म्हणजे पेले, एस्पादास म्हणजे तलवारी आणि बास्तोस म्हणजे सोटे.

आणि गंमत ऐका. त्यांच्याकडे बदाम सात आहे! 'सिंकियो' म्हणतात. फक्त सातीऐवजी पंजीने उघडायचं, नाण्यांच्या. सातीने उघडलं तर खाली सहा पानं आणि वर तीनच, तराजू कलतो. पंजीने उघडलं की खाली चार, वर पाच. बाकी सगळं तेच: लावायला पान नसेल तर पास, आणि दुसऱ्याची पंजी दाबून ठेवायचा दुष्टपणाही तोच.

टवाळ_टोणगा

'नाणी पाच'. सदाशिव पेठेत या नावाने स्पर्धा ठेवली तर मी बक्षीस द्यायला तयार आहे. बक्षीस: वाकलेली छत्री.

मुग्धा_रेडिंग

आज दुपारी काय झालं ते सांगते. जिना पुसणारे, दिवे-बिवे बघणारे एक आजोबा आहेत इमारतीत, सत्तरीचे तरी असतील. गॅलरीतलं पाणी बघायला वर आले. टेबलावर पत्ते मांडलेले बघून थबकले, बोट दाखवून म्हणाले, "सिंकियो?" बाबा म्हणाले, "सिंकियो." खुर्ची ओढून बसलेच. बाबांना स्पॅनिशचा शब्द येत नाही, त्यांना इंग्रजीचाही नाही. दोन तास खेळले. ते आजोबा पान टाकताना बोटाची पेरं टेबलावर आपटतात, ठक. तिसऱ्या डावापासून बाबाही आपटायला लागले. आईंनी तलवारींची पंजी शेवटपर्यंत दाबून ठेवली, आजोबांनी कपाळावर हात मारला आणि जे काही म्हणाले ते मुलांसमोर विचारायला नको.

चारच्या सुमारास पाऊस खरंच भयंकर झाला. समोरच्या रस्त्यावरून तांबडं पाणी, त्यात एक प्लास्टिकची खुर्ची वाहत समुद्राकडे गेली. आजोबांनी खिडकीतून बघितलं, मान हलवली आणि पुढचं पान टाकलं. वलेन्सियाकर, आपण आधी लिहिलंत ते बरं झालं. नवरा नेरहाच्या बसच्या वेळा बघून बसला होता.

'ओला वार्ताहर'ची आजची मुख्य बातमी: खुर्ची पळाली.

वलेन्सियाकर

उद्या उघडेल. पण लगेच पाण्यात उतरू नका, ओढ्यांची घाण सगळी किनाऱ्याला आलेली असते. लाल झेंडा असेल तर पायही नको.

मुग्धा_रेडिंग

शेवटची रात्र. काल उघडलं होतं. नवरा आणि लेक नेरहाला जाऊन आले, स्तंभ बघून लेकीची मान खरंच दुखतेय. आम्ही बाकीचे लोकलने पुन्हा मालागाला गेलो, साडेपाचला चुर्रोस खाल्ले. बाबांनी छाती काढून "उना नूबे" मागवली, पेल्यात बघितलं आणि म्हणाले, "हे तर दूधच आहे." मग माझी मिताद प्यायले.

एक शेवटची शंका. आईंनी काकवीच्या चार बाटल्या घेतल्यात. विमानात चालतील ना?

पोटोबा

हातातल्या बॅगेत नाही! शंभर मिलिलिटरच्या वर असेल तर बहुतेक काढून घेतील, काकवी हा द्रवच. मोठ्या बॅगेत टाका, नीट गुंडाळून.

मुग्धा_रेडिंग

गुंडाळल्या. पहिल्या दिवशीचे ते टॉवेल अजून दमटच आहेत, पण ते फ्लॅटवाल्यांचे. म्हणून नवऱ्याची न वाळलेली जीन्स वापरलीय, एका पायात दोन आणि दुसऱ्या पायात दोन.